कॅम्प दोन, पाथर्डी फाटा

तंबू आज गच्चीवर वाळत घातला.
सव्वा महिना पिशवीत घडी होऊन पडलेला,
उघडला तर रॉकेलचा वास आला,
मोज्यांचा, आणि फुर्बाच्या लसूण घातलेल्या सुपाचा.
खांब जोडले. एकाला चिकटपट्टी गुंडाळलेली,
खैरनारनं, रात्री दोनला, दातांनी तोडून.

समोर पांडवलेण्याचा डोंगर.
रविवारी पाठीवर वीस किलो वाळू घेऊन
त्याच्या पायऱ्या चढायचो,
खाली येऊन उसाचा रस प्यायचो
आणि स्वतःला गिर्यारोहक म्हणायचो.

सहा हजार शंभर मीटरवर माझं काम होतं पाणी.
म्हणजे बर्फ.
फावड्यानं पोत्यात भरायचा, पोतं दारापर्यंत ओढायचं,
पातेल्यात टाकायचा, स्टोव्हपुढे बसायचं.
पातेलंभर बर्फाचं तळाशी दोन बोटं पाणी.
पुन्हा टाकायचा. पुन्हा दोन बोटं.
लिटरला पाऊण तास.
माणशी चार लिटर, माणसं तीन.
गणित सातपूरच्या आयटीआयमधल्या माझ्या पोरांना घालण्यासारखं,
फक्त उत्तर लिहायला बोटं वळत नव्हती.

चिवड्याचं पाकीट फुगून उशीएवढं झालं.
खैरनार म्हणाला, आत नाशिकची हवा आहे,
फोडू नका, जपून वापरू.
आहेरबाईंनी ते डोक्याखाली घेतलं
आणि खरंच झोपल्या.
दिंडोरीच्या मनुकांचे खडे झाले होते.
एक गालात धरून ठेवायची,
वीसेक मिनिटांनी तिला आठवायचं
की आपण द्राक्ष होतो.

रात्री बूट कुशीत, बॅटरी काखेत,
पायांशी पाण्याची बाटली
आणि ती दुसरी बाटली,
जिच्याबद्दल सत्कारात कुणी विचारलं नाही.

चौथ्या रात्री दोघं वर गेले.
कुणीतरी राहावं लागतं.
ठरलं तेव्हा मी मान हलवली,
हलवली तशी दुखली, एवढंच आठवतं.

सकाळी वॉकीटॉकीवर आहेरबाई:
‘कॅम्प दोन, पाणी ठेवलंय का?’
जसं काही घरी येताना चहा टाकायला सांगतायत.
‘ठेवलंय.’
मग नऊ तास नुसती खरखर.

पातेलं भरलं, थर्मास भरले, बाटल्या भरल्या.
भांडं उरलं नाही तेव्हा डब्याच्या झाकणात ओतलं.
झाकणातलं गोठलं.
ते पुन्हा वितळवलं.
देवाचं नाव घ्यावंसं वाटलं होतं,
पण धाप लागायची,
नाव अर्ध्यावर राहायचं.

अंधार पडल्यावर उतारावर एक दिवा दिसला.
बराच वेळ एकच.
मी स्टोव्ह विझवला नाही.
मग दुसरा.

आहेरबाई आत आल्या, अख्खा थर्मास तोंडाला लावला.
हनुवटीवरून ओघळलं ते
मी तळव्यात झेललं, आणि प्यायले.
खैरनारच्या नाकाचा शेंडा काळा.
‘झालं?’
‘झालं.’

सत्काराला हार दोनच आणले होते.
तिसरा कुणीतरी धावत जाऊन आणला,
निशिगंधाचा,
मानेवर गार पाणी ठिबकत राहिलं भाषणं संपेपर्यंत.
मला ते आवडलं.

खालच्या मजल्यावरचा शर्विल आत शिरून बसलाय,
चेन लावून.
‘मावशी, आत उकडतंय!’
उकडू दे, म्हटलं, बस जरा.

इतक्यात टाकी भरली.
मोटर बंद करायची कुणाच्या लक्षात नाही,
पाइपातून मनगटाएवढी धार,
गच्चीभर, कुंड्यांमधून, तंबूच्या कडेला.
मिनिटाला दहा लिटर तरी असेल.
‘मावशी, तंबू भिजतोय!’

दिसतंय मला.
तंबू उचलायचा, खाली जाऊन बटण दाबायचं,
सगळं कळतंय.
मी आधी पातेलं आणलं.